मंडळाचं परराष्ट्र खातं

(नोव्हाय, मिशिगन. रविवारची दुपार. मराठी मंडळाच्या अध्यक्ष मालिनीताई आणि सेक्रेटरी सिद्धेश दीक्षाच्या घरी आले आहेत.)

दीक्षा : पण परराष्ट्रमंत्री करण्याआधी मला एकदा विचारायचं तरी. व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाची फुलं आली तेव्हा मला कळलं.

सिद्धेश : अगं, तूच लेक्चर दिलंस ना मागच्या महिन्यात? अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इथल्या नव्या सरकारचा पहिला परराष्ट्रमंत्री पॅरिसहून परत आला, आणि बोटीतून उतरल्यावर त्याला कळलं की आपण मंत्री झालोय. म्हटलं, आपण पण ट्रॅडिशन फॉलो करू.

दीक्षा : मी कॉलेजात इतिहास शिकवते म्हणून बोलले. तुम्ही घरी जाऊन खातंच काढाल असं वाटलं नव्हतं.

मालिनीताई : काढावंच लागलं गं. दिवाळीत गुजराती समाजाशी पार्किंगवरून केवढं झालं, आठवतंय ना? तेलुगू मंडळाचं तर विचारूच नकोस. बाहेरच्यांशी नीट बोलणारं आपलं एक माणूस हवं होतं. कमिटीत एकमताने तुझं नाव आलं. तसे नऊपैकी चौघंच आले होते, पण एकमत होतं.

दीक्षा : आणि काम काय?

सिद्धेश : एक्स्टर्नल रिलेशन्स. प्लस थोडं इंटर्नल. साउंड सिस्टिमच्या चाव्या तुझ्याकडे, मेंबरांची मोजणी तुझ्याकडे, आणि गणपतीचं मखर तुझ्या बेसमेंटमध्ये. आतापर्यंत अतुलकडे होतं, पण त्याच्या बेसमेंटमध्ये पाणी येतं.

दीक्षा : इथल्या त्या पहिल्या खात्याचंही तसंच झालं होतं. खातं काढलं परदेशांसाठी, आणि दोन-तीन महिन्यांत सरकारी शिक्का त्याच्याकडे, मग जनगणना, मग पेटंटसुद्धा. दुसरं कुणी करायला नव्हतं, म्हणून घातलं त्याच खात्याच्या गळ्यात.

सिद्धेश : त्यांच्याकडे निदान चार कारकून तरी होते. तुला स्टाफ नाहीये, सॉरी.

मालिनीताई : ते नंतर बोला. पहिलं काम अर्जंट आहे, दीक्षा. पाडवा आपण बर्फ गेल्यावर करतो, नेहमीच्या शाळेच्या जिममध्ये, एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी. या वर्षी शाळा म्हणते, तो शनिवार गेला. नाटकाची मंडळी येतायत फ्रीमाँटहून, त्यांची विमानाची तिकिटं काढून झालीत.

दीक्षा : कुणी घेतला शनिवार?

मालिनीताई : अगं, ते आहेत ना. जयंतीचे लोक.

दीक्षा : बाबासाहेबांच्या जयंतीचे.

मालिनीताई : हो, तेच. म्हणून तर तुझं नाव आलं. म्हणजे बाकीची कारणं होतीच. पण तुझी ओळख असेल त्यांच्यात. त्यांची भाषा तुला कळते.

दीक्षा : त्यांची भाषा मराठी आहे, मालिनीताई.

मालिनीताई : तसं नव्हे गं. भाषा म्हणजे... सिद्धेश, तू सांग.

सिद्धेश : मी फक्त ड्राइव्ह करून आलोय.

दीक्षा : म्हणजे तेलुगू, गुजराती आणि आम्ही. तिघंही बाहेरचे.

मालिनीताई : तू कशी बाहेरची? संक्रांतीचं निवेदन सहा वर्षं कोण करतंय? आम्ही कधी भेद केलाय का?

दीक्षा : नाही. नुसतं खातं काढलंत.

सिद्धेश : यार दीक्षा, पर्सनली घेऊ नकोस. तू त्यांच्या लीडरला एक कॉल कर. म्हणावं, रविवार घ्या. त्याचं नाव आम्ही शाळेला विचारलं, पण त्यांनी दिलं नाही. प्रायव्हसी म्हणे.

दीक्षा : जिम मी बुक केलंय.

सिद्धेश : तू?

दीक्षा : मी. अ‍ॅन आर्बरपासून माणसं येणार आहेत. मुलं भाषणं पाठ करतायत. माझी आई नागपूरहून येतेय, तेवढ्यासाठी. हा शनिवार मी सोडणार नाही.

मालिनीताई : अगं बाई. मग आधी सांगायचंस ना. आपण मिळून केलं असतं.

दीक्षा : तीन वर्षं सांगतेय. प्रत्येक जनरल बॉडीला उभी राहून सांगितलं, की जयंती मंडळाच्या कॅलेंडरवर घेऊ. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी बघू.

मालिनीताई : ते राहूनच गेलं बघ.

सिद्धेश : मग आता आम्ही निगोशिएट कुणाशी करायचं?

दीक्षा : माझ्याशीच. सकाळी जयंती, दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण, संध्याकाळी तुमचं नाटक. पोस्टर एकच, आणि त्यावर जयंतीचं नाव आधी.

मालिनीताई : कमिटीला विचारावं लागेल.

दीक्षा : विचारा.

मालिनीताई : रागावलीस का गं?

दीक्षा : वाईट वाटलं. सहा वर्षं तुमची होते, तेव्हा या घरी कुणी आलं नाही. परकी झाले, तर आठवड्याच्या आत अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघंही आले. बसा, चहा टाकते.