कोनाड्यातला पट्टा

उपयोग झाला की नाही, एवढंच लिहायचंय ना तुम्हाला? झाला, लिहा. खरंच झाला — बसा ना, ती खुर्ची हलते, पाटावर बसा — आमचा यज्ञेश गर्दच्या नशेपायी, त्या पुड्यांपायी वर्षभर गल्लीगल्लीत भटकला, मी कुठे-कुठे नाही शोधलं त्याला! तुमच्या संस्थेने पट्टा दिला आणि घर थाऱ्यावर आलं. जबरदस्ती नव्हती, हां. स्वतःच म्हणाला, मला बांधा. पायात पट्टा, फोनजवळ ही पेटी — पोरगा घरात असला की हिरवा दिवा, बाहेर पडला की लाल, आणि तुमच्याकडे खबर. मी तर कुकर लावतानाही मान वळवून बघायची. हिरवा? मग झालं तर. आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या बायका हसायच्या — हसू देत.

हो, गुरुवारचंच सांगते. यांचं वर्षश्राद्ध होतं. पिंड द्यायला मुलगा एकच. गुरुजी म्हणाले, चामड्याचा पट्टा सोवळ्यात चालायचा नाही. बरोबरच आहे ना? बापाच्या श्राद्धाला चामडं कसं चालेल — तुम्हीच सांगा, तुम्ही पुण्याचे. हा मात्र खांबाला टेकून उभा. हळूच म्हणाला, "आई, नको काढायला लावूस. माझा अजून माझ्यावर भरवसा नाही." मला रागच आला. पितर दारात आणि याचं हे काय! म्हटलं, श्राद्ध आटोपलं की बांध परत. तुमच्या पट्ट्याला कुलूप थोडंच आहे? आपखुशीचा मामला. मीच खाली बसून बक्कल सोडलं, कोनाड्यात ठेवला — हा इथे, पेटीशेजारी.

पिंड घेऊन शिंदे घाटावर गेला, गंगेत सोडून येतो म्हणाला. घरच्यांची पानं मांडून झाली. जो तो विचारतोय, आला का, आला का — आणि मी सवयीने दिव्याकडे बघतेय. हिरवा. वाटलं, असेल छतावर. अहो, तुमच्या ऑफिसातही तेच दिसत होतं ना, पोरगा घरी आहे म्हणून? कुणी धावलंच नाही. दिवेलागणीला छतावर गेले, तर नुसती माकडं. मग सगळे घाट पाहिले, एसटीडी बूथवाल्यांना विचारलं, स्टेशनामागे पुड्या विकतात त्या जागेतही जाऊन आले. काय करू मी आता? कुणाला विचारू?

अहो, हे काय — पेटीची तार कशाला सोडवताय? दुसऱ्या कुणाच्या घरात ती हवी असेल, कळतं मला. पण राहू द्या. तो दिवा विझला तर मी कशाकडे बघत बसू? या तुम्ही आता. लिहा, उपयोग झाला. आणि जाताना दार नुसतं लोटून घ्या. कडी लावू नका.