मेपलखालची फुगडी

— अगं हळू, हळू बोल, वर झोपलेत ते. आधी बस. काही झालेलं नाही तुझ्या बाबांना, घोटा मुरगळलाय, बस्स, हाड शाबूत आहे — आणि हृदयाचं तर विचारूच नकोस, ईसीजी काढणारी बाई म्हणाली, सत्तरीतल्या माणसाचं असं हृदय रोज बघायला मिळत नाही. ग्लासगोपासून एकटीच गाडी चालवत आलीस? रात्री डोळ्याला डोळा लागला नसेल. त्या कॅज्युअल्टीतल्या नर्सनं सांगितलं तरी काय, तर तुमचे वडील बागेत कोसळले. कोसळले! कोसळायला तो काय पूल आहे? घसरले. गवत ओलं होतं, आम्ही फुग— ते चालत होते आणि घसरले.

मी वैजयंती. वैजयंती दामले. तू मला बघितलंयस, इथल्या मंडळाच्या दिवाळीला, तुझी आई होती तेव्हा. आठवत नसेल. मी बरी ओळखते तुला, फोटो आहे ना त्यांच्या पाकिटात — मी कशाला बघायला जातेय पाकिटात, त्यांनीच दाखवला. आता तू म्हणशील, बाबांचं घर सोलिहलला, मग हॉस्पिटलमधून ते इथे कसे आले? बरोबर आहे. विचारायलाच हवं. सांगते. सगळं त्या झाडामुळे झालं. इकडे ये, खिडकीशी. दिसलं? हां! बघ, तूसुद्धा 'अय्या' म्हणालीस! सगळे म्हणतात. पोस्टमन म्हणाला — म्हणजे 'अय्या' नाही, पण त्याच्या भाषेत तेच. आणि लाल बघ ना कसला, अगदी शालूसारखा — शालू नाही, डाळिंब. डाळिंबासारखा.

मेपल आहे तो. आमचे हे, यशोधन, होते तोवर मागे सगळी फरशीच होती, या भिंतीपासून त्या शेडपर्यंत स्लॅब टाकून घेतले होते त्यांनी. झाडाचं नाव काढलं की म्हणायचे, पानं कोण झाडणार? वाईट नव्हता गं माणूस, मुळीच नव्हता, फक्त त्यांना पसारा खपायचा नाही. आणि मी? मी जन्माचीच पसारा. बिल्डिंग सोसायटीच्या, म्हणजे इथल्या बचत-बँकेच्या, काउंटरला काचेमागे बसून मी दिवसभर बडबडायचे आणि घरी आले की चिडीचूप. सत्त्याऐंशी साली ते गेले. पुढच्या वसंतात मी दोन माणसं बोलावली आणि मधल्या फरश्या उखडून काढायला लावल्या. किती रडले त्या दिवशी! का रडले? कोण जाणे. आणि दुसऱ्याच दिवशी गार्डन सेंटरला जाऊन हे झाड घेऊन आले — बसमधून! ड्रायव्हर म्हणाला, झाडाचं तिकीट काढा. लेबलावर चित्र होतं, पेटल्यासारखं लाल. मला काय सावली हवी होती? या देशात ऊन कुठंय सावली मागायला! मला रंग हवा होता. ऑक्टोबर आला की इथे आभाळ राखाडी, रस्ता राखाडी, आपले चेहरेसुद्धा राखाडी — एवढ्यात एक काहीतरी लाल असावं, माझ्या मालकीचं.

आणि झालं काय? पहिल्या वर्षी पानं ब्राउन. अगदी कागदी पिशवीसारखी. दुसऱ्या वर्षी ती हिरवीच राहिली, नोव्हेंबरपर्यंत हट्टानं हिरवी, मग एका वादळात सगळी खाली. मी खत घाल, हाडांची पूड घाल, चहाचा चोथा घाल — जावयाची करावी तशी सरबराई केली. तर मंडळात एकदा बटाटेवड्याच्या रांगेत मी हे रडगाणं गात होते, आणि मागून आवाज आला, "गळा मातीत पुरलाय का?" मी दचकले! म्हटलं, हा कोण बाबा खुनाची चौकशी करतोय? वळून बघते तर डॉक्टर करंदीकर. तुझे बाबा. सुलक्षणाबाईंना, तुझ्या आईला, जाऊन तेव्हा वर्ष झालं असेल. शर्टाचं एक बटण तुटलेलं — ते मला का आठवतंय? आठवतंय खरं.

म्हणाले, खोड जिथे मुळांना मिळतं तो झाडाचा गळा, तो उघडा हवा, आणि तुम्ही लोक तोच पुरता. आले रविवारी. गुडघ्यावर बसून हातांनी माती उकरली गं, भूल देणाऱ्या डॉक्टरच्या त्या नाजूक बोटांनी. मला म्हणाले, "वैजयंतीबाई, लाड बंद करा. जास्त खाल्लेलं झाड हिरवंच राहतं. त्याला थोडं उपाशी ठेवा, ऊन दाखवा, रंग आपोआप येईल." आता ऊन कुठून आणायचं? शेजारच्या डोरिसची ती लेलँडायची हेज, दाट झाडांचं कुंपण — घराएवढी उंच, सगळं ऊन ती खायची. मी चार वर्षं डोरिसशी 'लव्हली मॉर्निंग'पलीकडे बोललेले नव्हते. तुझे बाबा गेले तिच्याकडे चिवड्याचा डबा घेऊन. तासाभरानं आले ते रिकामा डबा घेऊन. शनिवारी माणूस शिडी लावून हेज निम्मी कापत होता! मी विचारलं, काय सांगितलंत तिला? तर म्हणाले, "सांगितलं, पलीकडे एक झाड आहे, त्याला तुझ्याकडचं थोडं ऊन हवंय." बस्स, एवढंच. अशा माणसाला काय म्हणावं!

मग रविवार ठरूनच गेला तो. म्हणजे त्यांचा. झाड बघायला. रविवार म्हणजे शनिवार संध्याकाळपासूनच, कारण अंधारात गाडी चालवायला त्यांना दिसत नाही ना नीट — बॉक्सरूममध्ये! अगं, बॉक्सरूममध्ये झोपायचे, त्या एवढ्याशा खोलीत, तसं काही — आणि पहाटे उठून चहा करायचे, भांड्यांचा एवढा आवाज, जन्मभर लोकांना झोपवलं आणि आता मला झोपू देत नाहीत — तू हसतेयस? हस, हस. मला वाटलं रागावशील. मी काय बोलतेय माझं मलाच कळत नाही काल सकाळपासून.

काल सकाळी काय झालं, तेच तर सांगतेय. यंदा सप्टेंबर कोरडा गेला, रात्री गार आणि दिवसा ऊन. टोकं जराशी लाल होत होती, मी मुद्दाम बोलले नाही, नजर लागेल म्हणून. काल पडदा सरकवला आणि — सगळं झाड! वरपासून खालपर्यंत! मी नाइटगाउनवरच फोनकडे धावले, म्हटलं, "लाल झालं!" त्यांना वाटलं, काही भाजलं माझं. मग कळलं. आले ते पायजम्यावर कोट घालून, पायात स्लिपर्स. झाडासमोर उभे राहिले. मी बघतेय, डोळे भरून आलेत त्यांचे. माझेही भरले असते, पण मला असं रडू यायला लागलं की काहीतरी वेडेपणा करावासा वाटतो — मी म्हटलं, डॉक्टर, फुगडी!

हो. फुगडी. आता सांगितलंच, तर सांगून टाकते. ते म्हणाले, मला नाही येत. मी म्हटलं, कोकणातले ना तुम्ही? हात धरले, टाचा जोडल्या, आणि फिरलो गं — मेपलखाली, ओल्या पानांवर, साठी उलटलेली मी आणि सत्तरीतले ते, झाड फिरतंय, शेड फिरतेय, डोरिसचं घर फिरतंय! आणि स्लिपर सुटली. दोघंही आडवे. त्यांचा घोटा मुरगळला आणि माझं काहीच नाही, पण मला हसू आवरेना, त्यांना तर श्वासच घेता येईना हसून. डोरिस वरच्या खिडकीत. तिला दिसलं काय, तर दोन म्हातारी जमिनीवर तडफडतायत! केला फोन तिनं. सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स दारात. त्यातल्या माणसानं मला विचारलं, "आर यू हिज वाइफ, लव्ह?" मी तोंड उघडायच्या आत स्ट्रेचरवरून आवाज आला — "नॉट येट."

नॉट येट, म्हणाले. डोरिसनं टाळ्या वाजवल्या.

मी काय केलं? मी ॲम्ब्युलन्समध्ये चढून बसले. हॉस्पिटलात जवळचं माणूस कोण विचारलं, तर त्यांनी तुझंच नाव सांगितलं, ते बरोबरच आहे, तूच जवळची. आणि तुझ्या आईचं म्हणशील — ते म्हणतात, सुलक्षणा असती तर तिनं पहिल्याच वर्षी झाड लाल करून दाखवलं असतं. मला राग येत नाही त्याचा. थोडा येतो. पण बोलावं त्यांनी तिच्याबद्दल, मीही यशोधनबद्दल बोलतेच की.

अनुराधा, इकडे बघ. मला ठाऊक आहे, तू त्यांच्यासाठी तुझ्या घरी खाली खोली बांधून घेतलीयस, बाथरूममध्ये धरायला दांडेसुद्धा बसवलेस. ते सांगतात मला, अभिमानानं सांगतात. आणि तुला फोन लावतात, हवामानाबद्दल बोलतात आणि ठेवून देतात. नाही म्हणायला जीभ रेटत नाही त्यांची. मी म्हटलं त्यांना, जा. लेकीकडे जा, मी झाडाचे फोटो पाठवेन. खरंच म्हटलं. म्हणताना माझं तोंड कसं झालं होतं ते त्यांनाच माहीत.

— ऐकलंस? काठी आपटतायत वर. उठले. थांब, मी — नको. नाही, मी नाही जात. तू जा. जिना चढून उजवीकडे. हो, उजवीकडे. बॉक्सरूम डावीकडे आहे, तिथे नकोस बघू, सामानानं भरलीय ती. आणि विचार त्यांना सरळ, ग्लासगोला यायचंय का. माझ्यासमोर विचारलंस तर ते माझ्या तोंडाकडे बघतील. जा बाई. पडदा सरकव त्यांचा, तिथून झाड अख्खं दिसतं. मी इथेच बसलेय. एक शब्द बोलणार नाही. जा.