सोफ्याच्या एका मार्कासाठी

हसू नका, पण सहावीत मला इंग्रजीत माझ्या बापानं नापास केलंय. बाईंनी नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नानांनी, म्हणजे वडिलांनी, मेनरोडच्या रद्दीवाल्याकडून एक डिक्शनरी आणली होती, इंग्रजांच्याही पणजोबांच्या काळातली. चाचणीत घरातल्या वीस वस्तूंची स्पेलिंगं आली. पास व्हायला सात लागायचे, मला पडले सहा. सोफ्यात मी 'एफ'च्या जागी 'पीएच' घातलं होतं, कारण नानांच्या डिक्शनरीत तसंच होतं.

नानांनी डिक्शनरी लुनाला बांधली आणि मला घेऊन थेट शाळा गाठली.

"बाई, हे बघा. छापलेलं आहे!"

"अहो, हे दोनशे वर्षांपूर्वीचं स्पेलिंग. आता कुणी असं लिहीत नाही."

"जुनं म्हणजे चूक का? द्या मार्क."

मधली सुट्टी संपत आली होती. बाईंनी वैतागून मार्क देऊन टाकला. सात! मी पास!

पण नाना पेपर सोडेनात. "हे कंदिलाचं बरोबर कसं दिलंत? पुस्तकात वेगळं आहे. कापा." मग साबण कापला. मग कपडे कापले. मी त्यांचा शर्ट ओढतेय, "नाना, चला ना आता!"

बाई म्हणाल्या, "अहो, मुलगी नापास होतेय तुमची."

"होऊ दे. तत्त्व म्हणजे तत्त्व."

चारवर आणून ठेवलं मला. आणि घरात पाय ठेवताच आईला म्हणतात, "तुझी लेक नापास झाली. अभ्यास म्हणून करत नाही!"