बावीस पावलांवरचं झाकण

बाबा : ठरलं तर मग. या घराला कुलूप, आणि मी कायमचा तुझ्याकडे.

मुलगी : खरंच, बाबा?

बाबा : काय खरंच?

मुलगी : आत्ताच म्हणालात.

बाबा : मी? मी शिंकलो.

मुलगी : शिंकेत ‘कायमचा’ असा शब्द होता.

बाबा : माझी शिंक जुन्या वळणाची आहे, जरा लांबते. तो टँकरवाला गेला का बघ.

टँकरवाला : इथेच आहे काका, तुमच्या मागे. पाऊण तास झाला. पाइप सोडलाय, मोटर तयार आहे. आता फक्त संडासाची टाकी हवी.

बाबा : टाकी आहे हो. याच अंगणात आहे. मी उभं राहून बांधून घेतलीय.

टँकरवाला : मग झाकण दाखवा.

बाबा : तेवढं सोडून काहीही विचारा.

मुलगी : दादा, सकाळपासून तीन खड्डे खणलेत यांनी. पहिल्यात दगड निघाला. दुसऱ्यात माझी लहानपणची चप्पल. एकच.

टँकरवाला : आणि तिसऱ्यात?

मुलगी : तिसरा शेजाऱ्यांच्या अंगणात आहे.

टँकरवाला : शेजारी काही बोलले नाहीत?

बाबा : आभार मानले. त्यांच्याकडे लिंबाचं रोप पडून होतं, ते लावून टाकलं.

टँकरवाला : शेवटचा उपसा कधी झाला होता?

बाबा : हे काय, आत्ता आत्ता.

मुलगी : सात वर्षांपूर्वी. आई होती तेव्हा.

टँकरवाला : सात! काका, दर तीन वर्षांनी करायचा असतो. संडास काही कुरकुरत नाही का?

बाबा : संडास बिचारा गप्प असतो. तिथे पाणी ओतलं की न्हाणीघरातली जाळी गुडगुडते. आधी मी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस मीही चार शब्द बोललो.

मुलगी : जाळीशी?

बाबा : तिनेच विषय काढला होता.

मुलगी : म्हणूनच म्हणतेय, चला माझ्याकडे. सातव्या मजल्यावर काही खणावं लागत नाही.

बाबा : आपलं ठरलंय ना? आज झाकण सापडलं तर घर मला झेपतं, मी इथेच राहणार. नाही सापडलं तर तुझा सातवा मजला. टँकर निघेपर्यंत मुदत.

टँकरवाला : टँकर चारला निघणार. पुढचे लोक वाट बघतायत. त्यांना त्यांचं झाकण ठाऊक आहे.

मुलगी : पण तुम्ही खणताय तरी कशाच्या आधाराने?

बाबा : तुझ्या आईच्या वहीच्या. हे बघ. ‘टाकीचं झाकण : मागच्या दारापासून सरळ बावीस पावलं, मग उजवीकडे सहा.’ मी तीनदा मोजलं. एकदा चपला घालून, एकदा अनवाणी, एकदा जरा उत्साहात.

मुलगी : उत्साहात शेजाऱ्यांकडे पोचलात. बाबा, वही कोणी लिहिली?

बाबा : तुझ्या आईने.

मुलगी : मग पावलं कोणाची?

टँकरवाला : काकू किती उंच होत्या?

बाबा : माझ्या खांद्यालाही लागायची नाही. दरारा मात्र वरून यायचा.

मुलगी : सरका. माझी चाल आईसारखी आहे म्हणतात सगळे. मीच मोजते. एक, दोन, तीन...

टँकरवाला : ...आणि सहा. थांबा ताई, इथे पहार मारून बघतो. नाही. नुसती माती लागतेय.

मुलगी : मी अगदी नीट चालले हो.

बाबा : नीट चाललीस, तिथेच चुकलीस. तुझी आई रिकाम्या हाताने अंगणात आलीय कधी? कपड्यांचं पाणी झाडांना घालायला यायची. बादली घे. काठोकाठ भर.

टँकरवाला : काका, लोक टेप वापरतात.

बाबा : वहीत टेप लिहिलेली नाही.

(मुलगी भरली बादली घेऊन मागच्या दारातून निघते. बाबा शेजारून मोजत चालतात, टँकरवाला पहार घेऊन मागे.)

बाबा : वीस. एकवीस. सावकाश, सांडेल. बावीस. आता उजवीकडे वळ. चार... पाच... सहा.

टँकरवाला : बाजूला व्हा ताई. हां! टणक लागलं. सिमेंटच आहे, वीतभर खाली.

मुलगी : सापडलं!

टँकरवाला : आता दोघं लांब उभे राहा. झाकण मी उघडतो. वाकून बघायचं नाही, आतला वायू माणसाला जागच्या जागी आडवा करतो. काका, संडासात फिनेल, ॲसिड ओतता का?

बाबा : सढळ हाताने.

टँकरवाला : बंद करा. आत जिवाणू असतात, तेच मैला पचवतात. तुम्ही त्यांनाच मारताय.

बाबा : म्हणजे इतकी वर्षं मी घरात एकटा नव्हतो?

मुलगी : बाबा!

बाबा : तू हरलीस, कळतंय ना? चार पावलं लांब टाकली असतीस तर मी सातव्या मजल्यावर होतो.

मुलगी : पंधराव्या पावलाला आलं होतं मनात.

बाबा : मग?

मुलगी : बादली जड होती. लबाडीला हात मोकळे लागतात.

टँकरवाला : झालं बघा. तळाला थोडं ठेवलंय, ते राहू द्यायचं असतं. आता झाकणाभोवती सिमेंटचं कडं बांधून ते जमिनीच्या वर आणून घ्या. पुढच्या वेळी पावलं मोजायला नकोत.

बाबा : नकोत?

टँकरवाला : दारातूनच दिसेल की.

मुलगी : बाबा, नको असेल तर...

बाबा : बांधू. इथे राहायचं तर बांधायलाच हवं.

टँकरवाला : मग इथे सही करा. खाली ‘ग्राहकाची विनंती’ अशी जागा आहे. कोणी भरत नाही, पण कार्यालयात फाइल होते.

बाबा : लिही गं. तुझं अक्षर कार्यालयाला शोभेल. ‘माननीय अधिकारी, मैला उपसा विभाग, यांस. विषय : तीन वर्षांनंतरच्या उपशाबाबत. महोदय, त्या दिवशी झाकण सहज दिसणार असले, तरी माझ्या दिवंगत पत्नीस मागच्या दारापासून अठ्ठावीस पावलांपुरते हजर राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. बादली अर्जदार भरून ठेवील.’