आरशातला कारखाना

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तू होय! आवाजच ओळखू आला नाही. थांब हं एक मिनिट… ए, तो मिक्सर बंद कर आधी! माझ्या धाकट्या भावाची बायको आहे फोनवर… हां, बोल. आमच्या स्वयंपाकवालीला सांगत होते. काय म्हणतात आमचे शेठ?

का? शेठ म्हटलेलं तुला चालत नाही? त्याला आवडतं.

हो… हो… कळलं म्हणजे काय, माझ्यासमोरच तर झालं. फी-माफीच्या समितीत मी नाही का? डॉक्टरसाहेब अध्यक्ष, मी त्यांच्या शेजारी. पाहिलं ना त्याला आत येताना. इस्त्रीचा शर्ट, ताठ मान. बरा दिसत होता.

अगं, ऐक ना… ऐकून तर घे. डॉक्टरांनी विचारलं, काय करता? तुझा नवरा म्हणाला, 'माझा फर्निचरचा कारखाना आहे.' आता मला सांग, कारखान्याच्या मालकाच्या मुलीला नर्सिंगची फी माफ करायची? बाहेर बाकावर खरी गरजू माणसं बसली होती.

मला माहीत आहे गं! दुसऱ्याच्या कारखान्यात सोफ्यांना कापड चढवतो हे मला नवीन सांगतेस?… मग त्याने तसं सांगायचं. त्याला तोंड नव्हतं?

दाखला? उत्पन्नाचा?… पिशवीत होता? मग काढला का नाही?… अच्छा. अच्छा… हो, बरोबर आहे, तसं लिहिलंयच त्या श्रीमंत व्हायच्या पुस्तकात. गरिबीचा पुरावा आपल्या हाताने कुणाला द्यायचा नाही, नाहीतर ती कायमची चिकटते.

अगं, ओरडतेस काय? मी फक्त भेट दिली. वाढदिवसाला माणूस शर्ट देतो, मी पुस्तक दिलं. शर्ट विरतो, ते पुस्तक आमच्या सासऱ्यांच्या तरुणपणापासून खपतंय. उगीच? ड्रायव्हरला दिलं, माळ्याला दिलं, या स्वयंपाकवालीलासुद्धा दिलं… वाचता येत नाही म्हणाली, म्हटलं शेजारणीकडून वाचून घे… बरं, तूच नव्हतीस का म्हणत, पुस्तक आल्यापासून त्याचं पाठीत वाकून चालायचं बंद झालं? रोज आरशासमोर उभा राहून म्हणतो, 'माझा कारखाना आहे.' 'होईल' नाही म्हणायचं, 'आहे' म्हणायचं. तूच हसून सांगितलंस.

हां. आरशासमोर म्हणायचं आणि समितीसमोर नाही, हे मात्र लिहिलेलं नाही त्यात. ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

काय?… पुस्तकातल्या एकाही माणसाला पोरगी नाही?… अगं, असेल. ते कशाला लिहितील?

उद्या संध्याकाळपर्यंत फी भरायची? आणि मग जागा पुढच्या मुलीला?… हं. तसा नियमच आहे.

मी? डॉक्टरांना फोन?… नाही गं. अगं, नाही, समजून घे ना. तो बाहेर पडल्यावर डॉक्टर मला म्हणाले, 'बाई, यांचं आडनाव तुमच्या माहेरचं दिसतं.' मी म्हटलं, माझा सख्खा धाकटा भाऊ. सगळे कसे बघायला लागले माझ्याकडे! एक बाई म्हणाल्या, कारखाना आहे तरी किती साधे राहतात. आता आज मी त्यांना फोन करून सांगू, की नाही हो, तो सोफे शिवतो?

तो कामगार आहे म्हणाला असता तर?… तर मी म्हटलं असतं, आडनावं काय, सारखी असतात… यात रागावण्यासारखं काय आहे? नियम आहे, सदस्याच्या नातेवाइकाला माफी द्यायची नाही. म्हणजे त्याचं भलंच झालं असतं.

रडू नकोस. रडू नकोस बाई, माझं डोकं दुखतं. पुढच्या वर्षी बघू… बरं, त्याच्याकडे दे फोन. दे, दे.

काय शेठ! कसे आहात?… अरे, कौतुकाने म्हणतेय. तुझी बायको उगाच घाबरते रे… हो, पाहिलं मी. डॉक्टरांनी उठून हात मिळवला तुझ्याशी! खुर्ची दिली, चहा मागवला. बाकीच्या बापांना कुणी पाणी तरी विचारलं? आयुष्यात पहिल्यांदा कुणी तुला 'बसा' म्हणालं, नाही?… हो ना. मग? हे त्या पुस्तकाचंच.

हं?… आता पुढे काय करू, म्हणजे?… पुन्हा वाच. अरे, पहिल्यापासून वाच. कुठेतरी मनात शंका राहिली असणार तुझ्या, म्हणून असं झालं. त्यात दिलंय ते… आवाज का असा येतोय? सर्दी झालीय का?

बरं, ते जाऊ दे, माझ्या सोफ्याचं कापड आणून ठेवलंय. तू रविवारी येणार होतास… की आता मालक माणसाला असलं काम सांगायचं नाही? हा हा! गंमत केली रे. ये, येताना ते मोठे खिळे आण… हो, तेच. मागच्या वेळचे सैल झाले… हॅलो? अरे, कुठे गेलास?

कोण?… चिमणी? तू घेतलास होय फोन. बोल बेटा, आत्याच बोलतेय. अगं, कोर्स काय, पळून जातोय थोडाच? एक वर्ष घरी बसलीस तर आईला मदत होईल… हो… बाबांवर रागवायचं नाही हं, त्यांचा विचार मोठा आहे…

काय विचारतेस?

मी?… हो, म्हणजे… वाचलंय की. चाळलंय. सुरुवातीची पानं… नाही, अख्खं असं नाही… अगं, माझं लग्नच या घरात झालं ना, बेटा. मला कुठे गरज होती?

हॅलो?… हॅलो?… चिमणे?…