माझ्या घरातल्या हवेचा आकडा

...आणि वर मलाच विचारतो, "आई, तू घरात नक्की काय जाळतेस?" बेंगलोरात बसून विचारतो! घर माझं, इकडे इंदूरच्या बाजूला फ्रीगंजात, आणि घरातली हवा ह्याच्या मोबाईलवर. कशी ते सांगते, बसा. गेल्या मार्चात अपूर्व आला, म्हणजे माझा मुलगा, आणि चार दिवसांत दोन यंत्रं बसवून गेला. भिंतीवर एसी आणि देवाशेजारी एक पांढरा डबा, हवा साफ करणारा. हा डबा दिवसभर हवा हुंगतो आणि आकडा दाखवतो. हवा बरी असली की हिरवा दिवा, बिघडली की लाल, आणि लाल झाला रे झाला की तिकडे अपूर्वला निरोप. सिंहस्थाची तयारी म्हणून बाहेर सगळा रस्ता उकरून ठेवलाय ना, तर आई, तुझ्या छातीत धूळ जाईल, म्हणे. जाईल की. पण तुम्हाला सांगते, मला हवेतलं कुणी शिकवू नये.

शाळा माझी चौथीत सुटली. पण कूलर? पस्तीस उन्हाळे एकटीनं चालवला. आमचे हे नुसते समोर बसून, "अगं, आज वारा लागत नाहीये," एवढंच म्हणायचे. जाळीत खस म्हणजे वाळा भरायची मी, टाकीतला गाळ काढायची मी, पंप उघडून साफ करायची मी. एकदा मोटर जळाली, तर मेकॅनिक काय काय करतो ते शेजारी उभं राहून पाहून घेतलं, पुढल्या वेळी त्याला बोलावलंच नाही. आणि एसीचं ते पुस्तक, तुमच्यापैकी कुणी वाचलंय? मी वाचलं, हिंदीतलं, पहिल्या पानापासून. दर पंधरा दिवसांनी जाळी काढून नळाखाली धुते. कंपनीचा माणूस सर्व्हिसला आला आणि वरवर फडकं मारून निघाला, तर म्हटलं, भैया, छत पर एसी का जो डब्बा है उसको कौन धोएगा, मैं चढ़ूँ? चढला मुकाट्यानं.

बरं, एसी काही वाईट नाही, थंड करतो. पण कूलरला खिडकी उघडी लागते, नाहीतर सगळं घर दमट होतं, आणि ह्या एसीला सगळं बंद लागतं. आता खिडकी उघडी असायची तेव्हा शेजारची सुलभा तिथूनच विचारायची, माई, आज भाजी काय? आणि उत्तर ऐकायला जी आत यायची ती चहा झाल्यावरच उठायची, मध्ये अख्ख्या गल्लीचा समाचार घेऊन. आता खिडकी बंद, पडदा ओढलेला. परवा दारात भेटली तर म्हणे, "माई, तुम्ही एसीत झोपला असाल म्हणून आले नाही." दिवसभर झोपते की काय मी? सहा महिने झाले... जाऊ दे. मला हवेतलं कुणी शिकवू नये.

तर एका गुरुवारी मी नेहमीसारखा देवापुढे गुग्गुळ जाळला. डबा लालबुंद! आणि घुर्रर्र करायला लागला. पाच मिनिटांत फोन. कुणाचा? अपूर्वचा. गुरुवारी, सकाळी साडेनऊला! एरवी त्याचा फोन रविवारी, आणि तोही असा की इकडून मी बोलते आणि तिकडून टाइप केल्याची टकटक ऐकू येते. त्या दिवशी मात्र टकटक नाही. आई, दम लागतोय का, गोळी घेतलीस का, खिडकी उघड, नाही नाही बंदच ठेव, बाहेर धूळ आहे, तुला किती वेळा सांगितलं... रागावला हो, चांगला पंधरा मिनिटं रागावला. आणि मी स्टुलावर बसून ऐकत होते. हे गेल्यापासून माझ्यावर रागावणारं कुणी उरलंच नव्हतं.

मग काय, शिकले. तेही स्वतःचं स्वतःच. उदबत्तीला डबा विचारत नाही. गुग्गुळाला जरा वेळ लागतो. पण लोखंडी कढईत सुक्या लाल मिरच्या भाजायच्या आणि धुरासकट कढई डब्यापुढे स्टुलावर ठेवायची, की चहा गाळून होईपर्यंत फोन आलाच. मंगळवारी आणि शुक्रवारी. रोज नाही, अतिरेक मला आवडत नाही. मला खरोखरचा ठसका लागलेला असायचा, त्यामुळे खोटं बोलण्याचाही प्रश्न नाही. आता तुम्ही म्हणाल, माई, सरळ तुम्हीच का नाही फोन लावत? लावला होता. "आई, मीटिंगमध्ये आहे, करतो." नाही केला. मी दोनदा मागणारी बाई नाही.

पण पोरगा घाबरला आणि त्यानं डब्याच्या कंपनीचा माणूस पाठवला. मधुकर नाव, पन्नाशीचा, आडनावानं आपल्यातलाच, मराठी, पण बोलणं अस्सल इंदुरी. डबा उघडला, फुंकला, पुसला, परत लावला. "माताजी, मशीन तो एकदम चकाचक है। आप इसके सामने करते क्या हो?" आणि तेवढ्यात त्याला स्टुलावरची कढई दिसली. त्यानं कढईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तीनदा शिंकला.

"बेटा बाहर है?"

म्हटलं, बेंगलोर.

"मेरी बेटी कनाडा में है। मैं लंबा-लंबा मैसेज भेजता हूँ, वो अंगूठा भेज देती है।"

नाक पुसत कागद लिहायला बसला. आयुष्यात कुणापुढे हात जोडले नाहीत मी, पण त्याला म्हटलं, भैया, मिर्ची मत लिखना. नाही लिहिलं त्यानं. 'मशीन ठीक, रसोई का धुआँ' एवढंच लिहून गेला. भला माणूस.

त्या रात्री अपूर्वनं आपणहून फोन केला. मला वाटलं, बघा, मिरच्यांशिवाय आला! तर म्हणाला, "आई, काळजीचं काही नाही म्हणे. आणि मी आता ते निरोप कंपनीकडेच वळवलेत. लाल झालं की ते लोक बघतील. म्हणजे तुलाही कटकट नाही." किती प्रेमानं म्हणाला, काय सांगू तुम्हाला. मी म्हटलं, बरं केलंस.

तरी शुक्रवारी भाजल्या मिरच्या. सवयीनं म्हणा. डबा लाल झाला, चहा गाळून झाला, पिऊनही झाला... आणि वाजला की हो फोन!

"नमस्कार मैडम, मैं कंपनी से पल्लवी बोल रही हूँ। आपके यहाँ हवा थोड़ी खराब दिख रही है।"

म्हटलं, बेटी, हवा का मुझे मत सिखाना. पण पोरगी गोड. दम लागतोय का विचारलं, घरात आणखी कोण असतं विचारलं, आणि शेवटी, "और कोई सहायता, मैडम?" आता तिनं विचारलं म्हणून सांगितलं. कूलरचं, खसचं, सुलभाचं, ह्यांचं... पंचवीस मिनिटं. मध्ये ती हळूच म्हणाली, "मैडम, ये कॉल रिकॉर्ड हो रही है।"

म्हटलं, होऊ दे. तेवढंच आणखी कुणीतरी ऐकेल.