भिंतीवरचं बी

माहेर माह्यं कारंज्याचं, बाप बाजारात हमाली करे, घरी माती म्हणजे डब्यातल्या तुळशीपुरती, मंग भाजीपाल्याची वाडी कशी असते ते मले काय ठावूक, काय सांगू तुमाले, लगन होऊन इकडे मानोऱ्याच्या अंगाले आली तं सासूनं दुसऱ्याच दिवशी घरामागं नेलं अन् म्हणे हे वाडी पाह्य, आता हे तुही. नाव माह्यं शेवंता, पण गावात मले कोणी शेवंता म्हणत नाही, काकडीवाली काकू म्हणतात, अजून म्हणतात, काकडी नाही राह्यली तरी.

काकडी म्हणजे आमच्या बुढीची काकडी, बुढी म्हणजे माही सासू. आखूड, पांढरट, अन् देठापर्यंत गोड, कडू म्हणून एक निंघत नव्हती. बुढी वेलावर एक काकडी बियाले राखे, कोणाले हात लावू देत नव्हती, पिवळी होऊन फाटायले आली का बी काढायची, ताज्या शेणाच्या चपट्या गोळ्यात दाबायची अन् चुलीमागच्या मातीच्या भिंतीवर थापायची. वरीसभर तिथंच, किडा लागे नाही, उंदीर पाहे नाही. पेरायच्या टायमाले गोळा उतरवून फोडायचा, बस. दोडका, कारलं, भोपळा, साऱ्याचं तसंच. इकलं काही नाही कधी, बाया याच्या अन् गोळा उतरवून न्याच्या.

बुढी मातर कडक. बी नेलं तं बी आणून द्याचं म्हणे, नाही तं पुढल्या साली माह्या दारात उभी राहू नको. मले लाज वाटे हो तिच्या त्या बोलण्याची. ते गेली अन् वाडी माह्या हाती आली तं मी बायाईले म्हणे, जाऊ द्या वं, बी कायले सांभाळता, लेकरं सांभाळा, पुढल्या साली या अन् घेऊन जा. चार बाया दारात येत, बसत, च्या घेत, मले बरं वाटे. आपून चांगलंच करून राह्यलो असं वाटे, दुसरं काय.

मंग घरकुल मंजूर झालं. लेक लय खूश, म्हणे माय आता तुले गळक्या घरात झोपा नाही लागणार. जुनं घर पाडाले मशीन आली तवा त्यानं मले पोहरादेवीच्या दर्शनाले धाडून देलं, पाडतानी तुले पाहवणार नाही म्हणे, मन चांगलंच त्याचं. पेटी काढली, भांडे काढले, देव काढले, त्याच्या बापाचा फोटू उतरवला. भिंतीवरचंही काही काढा लागते हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मी परत आली तं जागा सपाट, माती ट्रॅक्टरनं रस्त्याच्या भरावात गेली होती. मी रडली नाही तवा, खरं सांगतो. म्हणलं साऱ्या गावात आपलं बी हाये, मांगून आणू.

गेली मांगाले. एक बाई म्हणे काकू, आमी तं तुमच्याच घरून नेत होतो. दुसरी म्हणे तेच. तिसरी हासून म्हणे, तुमीच म्हणत होत्या ना वं, बी कायले सांभाळता. रागानं नाही म्हणली ते बिचारी, पण मले तिथून उठून घरी येणं सुधरलं नाही. बुढी कडक होती म्हणून घरोघरी बी होतं, मी दिलदार झाली अन् कोणाच्याच घरी नाही राह्यलं. नणंद हाये माही कारंज्याच्या पलीकडे, यष्टीनं तिच्याकडे गेली, तिच्या वाडीत काकडीचे वेल लांबूनच दिसले, जीव असा हरकला माहा. तिनं तोडून देली, लांब, हिरवीगार, दुकानातल्या पाकिटाच्या बियाची. म्हणे वहिनी, मले वाटे तुह्याकडे हायेच.

आता पाकीट. मानोऱ्याच्या दुकानात दरसाल नवा भाव, अन् आत दाणे किती तं तळहातही झाकत नाही. दुकानदार म्हणे मावशी, भाव कंपनी वाढवते, मी काय करू. सून माही हुशार, संगीता, म्हणे आत्या पाकीट सोडा, मसाल्याचा डब्बा काढा. किराण्यातले धने चपलेखाली रगडले, पेरले, सांबार, तुमची कोथिंबीर, असा आला का गावाले वाटला. डब्यातली मेथी लावली, चवळी लावली, वाळल्या मिरचीचं बी टाकलं, सडकं भेदरं, म्हणजे टमाटं, पिळलं. अर्धी वाडी आता सैपाकघरातून निंघते, पैसाही वाचते, नाही म्हणत नाही मी. पण काकडी काही मसाल्याच्या डब्यात राहत नाही. पाकिटातल्या काकडीचं बी धरून पाह्यलं, तं एका वेलाले लांब, एकाले गोल, अन् साऱ्या कडू जहर. बकरीनं तोंड लावलं अन् मान फिरवली.

परवा शेजारची नवी सून आली, हातात वाटी घेऊन. म्हणे सासूबाईनं सांगतलं, काकडीवाल्या काकूकडून बी आण. काय देऊ तिले? मुठभर धने देले वाटीत. ते हासली, म्हणे हे तं घरी हायेत काकू. मंग मी तिले वाडी दाखोली, च्या पाजला, अन् ते गेल्यावर कडी लावून बसली. त्या दिवशी रडली मी.

तुमी गावोगाव फिरता, लोकाईचं सांगणं लिहून घेता, चांगलं हाये, देव तुमाले सुखी ठेवो, पायाले काटा न लागो. लेकाची चूक नका लिहू, त्यानं मायेले चांगलं घर देलं. कुठं मातीचं घर दिसलं, भिंतीवर शेणाचा गोळा दिसला, तं आत जाजा, इचारजा, आखूड पांढरट काकडी हाये का म्हणून. एक गोळा मांगजा माह्यासाठी. नाही म्हणलं तं राग नका धरू, त्या बाईले म्हणा, बरोबर केलं वं माय.